मधूभाऊंची उजळणी

आपल्या सुनेला मराठी येत नाही, ही गोष्ट मधूभाऊ तेंडोलकरांना तिच्या लग्नानंतर दीड-दोन वर्षं उलटून गेल्यावर कळली. आणि कळली तेव्हा ते तिच्याशी गप्पाच मारत बसले होते.

यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. संचिता पेडण्याची. पेडणं गोव्यात, म्हणजे राज्य दुसरं. पण कुडाळहून सकाळी निघालेला माणूस तिथे जाऊन, जेवून, थोडी झोप काढून दिवेलागणीला घरी परत येतो. तेंडोलकरांकडे सगळे मालवणी बोलत आणि संचिता आपली कोंकणी बोले. ह्यांनी 'नाय' म्हणायचं, तिने 'ना' म्हणायचं, एवढ्या फरकावर संसार सुखाने चालला होता. बांगडे-सुरमईचे भाव, विजेचा लपंडाव आणि शेजारच्या मथुरावहिनींचा स्वभाव, या विषयांवर दोन्ही भाषांचं पूर्ण एकमत होतं. मग तिसऱ्या भाषेची आठवण व्हावी तरी कशी?

संचिता ओरोसला एका सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला होती. त्या दिवशी ती घरी आली, चहाचा कप घेऊन ओट्यावर बसली आणि म्हणाली, "बाबा, माका मराठीची परीक्षा दिवची आसा."

"कोणाची?"

"माझीच. शाळेत मराठी ना जाल्यार ती परीक्षा पास जावंक जाय. ना तर नोकरेंत कायम करिनात."

शाळेत तिला इंग्रजी होतं, कोंकणी होती, हिंदी होती. मराठी तेवढी राहिली होती. मधूभाऊ मोठ्याने हसले. "ह्या तां काय! अगो, मराठी आपण रोज बोलतावच."

"आपण मराठी खंय बोलतांव?" त्यांच्या पत्नी सरलाकाकूंनी आतून विचारलं.

मधूभाऊ मनातल्या मनात हिशेब करू लागले. मराठी ते कार्यालयात बोलत. कार्यालयातून निवृत्त होऊन बराच काळ झाला होता. म्हणजे मराठी बोलूनही तितकाच काळ झाला होता. ही गोष्ट त्यांना सरकारी कपाटाची किल्ली घरी विसरून आल्यासारखी वाटली.

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. गेल्या वर्षी तिने ही परीक्षा गुपचूप देऊन पाहिली होती आणि नापास झाली होती. हे सरलाकाकूंना ठाऊक होतं, तिच्या नवऱ्याला, मिहीरला, ठाऊक होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांचे मसुदे दुरुस्त करणाऱ्या मधूभाऊंना तेवढं कोणी सांगितलं नव्हतं. आणि आता ही शेवटची संधी होती.

"नाय जमला तर गोव्यात म्हापशाक जावचा लागतला," मिहीर चपला काढता काढता म्हणाला. तो एमआयडीसीतून नुकताच आला होता. "थंय एका लॅबवाल्यान तिका इचारल्यान हा. मगे मी पण थंयच कायतरी बघतलंय."

तो हे इतक्या सहज म्हणाला, की मधूभाऊंना आधी त्याचा अर्थच लागला नाही. अर्थ लागला तेव्हा मिहीर आंघोळीला गेला होता. घरात दोन माणसं कमी झाली, तर उरलेली दोन एकमेकांशी काय बोलणार, असा एक विचार त्यांच्या मनात डोकावला. तो त्यांना बरा वाटला नाही. त्यांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं, "उद्यापासून उजळणी. मी शिकवतलंय."

उजळणीच्या त्यांनी तीन शाखा पाडल्या: वाचन, व्याकरण आणि लेखन. तिन्ही शाखांचा प्रमुख अर्थातच एकच होता. वाचनासाठी त्यांनी माळ्यावरून जुन्या परिपत्रकांच्या प्रतींचा गठ्ठा काढला. आपल्या हातून गेलेल्या चांगल्या मसुद्यांच्या प्रती त्यांनी जपून ठेवल्या होत्या, कोणी लग्नातले फोटो ठेवतं तशा. पहिल्याच संध्याकाळी संचिताने त्यातला एक उतारा खणखणीत वाचला: "उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, संदर्भाधीन पत्रातील बाबींवर यथोचित कार्यवाही करून तसा अनुपालन अहवाल या कार्यालयास सादर करावा."

कुठे अडखळणं नाही, कुठे थांबणं नाही. मधूभाऊ खूश झाले. "काय समजला सांग बघू."

संचिताने विचार केला. "कोणेंतरी कोणाक तरी कायतरी करूंक सांगलां."

"काय करूक सांगला?"

"तें सांगूंक ना."

मधूभाऊंनी चष्मा लावून उतारा पुन्हा वाचला. मग पुन्हा एकदा वाचला. काय करायचं ते खरंच कुठे सांगितलेलं नव्हतं. मसुदा त्यांचाच होता. त्यांनी कागदाची घडी घातली आणि वाचन ही शाखा तूर्त स्थगित ठेवली.

परीक्षेला नक्की काय काय आहे हे अधिकृतपणे समजून घेतल्याशिवाय पुढे जाणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. संचिता म्हणाली, "बाबा, मोबायलार आसा." पण मोबाईलवर असणं आणि अधिकृत असणं या मधूभाऊंच्या दृष्टीने निराळ्या गोष्टी होत्या. ते इस्त्रीचा शर्ट घालून एसटीने ओरोसच्या जिल्हा कार्यालयात गेले.

आयुष्य ज्या टेबलाच्या आतल्या बाजूला काढलं, त्या टेबलाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहणं किती अवघड असतं, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. बाहेरच्या बाजूला हात कुठे ठेवावेत हेच मुळी ठरलेलं नसतं. आतली मुलगी, आकांक्षा तिचं नाव, गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलेलं होतं, मोठी गोड होती.

"अर्जदार कोण, काका?"

"माझी सून."

"मग तुम्ही?"

"सासरा."

"सासऱ्यांसाठी काही नसतं हो इथे," ती हसून म्हणाली. "पण हरकत नाही. काय पाहिजे ते दोन ओळीत लिहून द्या, मी बघते."

मधूभाऊंनी तिथल्या तिथे उभ्या उभ्या एक मसुदा लिहिला. निवृत्तीनंतरचा पहिलाच, पण भाषेला गंज चढला नव्हता. आकांक्षाने तो वाचला, उलटवून मागे पाहिलं, पुन्हा वाचला.

"काका, साध्या मराठीत सांगता का?"

त्या क्षणी मधूभाऊंना घरी निघून जावंसं वाटलं. त्यांनी साध्या मराठीत सांगितलं.

"बरं, अभ्यासक्रम पाहिजे. कोणती पातळी? निम्नस्तर की उच्चस्तर?"

आता खरं तर संचिताने घरी दोनदा सांगितलं होतं. पण आधीच दुखावलेल्या माणसाला सगळ्यांच्या देखत, आपल्याच सुनेच्या बाबतीत 'निम्न' हा शब्द उच्चारायला लावणं, यात एक प्रकारचा अन्याय नाही का? मधूभाऊ ताठ उभे राहिले. "उच्च," ते म्हणाले.

वरचं केलं की खालचं आपोआप येतं, अशी त्यांनी परतीच्या बसमध्ये स्वतःची समजूत घातली. आणि मग तेंडोलकरांच्या ओट्यावर समास आले, अलंकार आले, वृत्तं आली. संचिता दवाखान्यातून दमून येई आणि लघु-गुरू मोजत बसे. भुजंगप्रयाताची लय तिला चटकन जमली. इतकी की एकदा कोणाच्या तरी बोटाला सुई टोचताना ती तोंडातल्या तोंडात तीच लय धरून बसली आणि तो माणूस घाबरून हात मागे घेऊ लागला.

ओट्यावर शिकवणी चालली की कुडाळात ती लपून राहत नाही. समोरचे परशुराम गुरुजी पहिल्यांदा नुसते फाटकाशी उभे राहिले, दुसऱ्या दिवशी पायरीवर बसले आणि तिसऱ्या दिवशी खुर्ची मागून घेतली. त्यांनी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. त्यांचं म्हणणं एकच: पाया कच्चा आहे, बाराखडीपासून घ्या.

"गुरुजी, तिका वाचूक येता," मधूभाऊ म्हणाले.

"वाचूक सगळ्यांका येता. लिवताना ऱ्हस्व-दीर्घ खंय जाता ता बघा." आणि त्यांनी पुराव्यादाखल फळीवरचा कागद उचलला. तो नेमका संचिताचा नव्हता, मधूभाऊंनी नमुना म्हणून लिहिलेला अर्ज होता. गुरुजींचं बोट एका शब्दावर थांबलं. "ह्या काय? 'उशीरा'? शी दीर्घ?"

"उशीर. शी दीर्घच."

"उशीर दीर्घ. पण पुढे 'आ' लागलो की शि ऱ्हस्व. उशिरा. चौथीतल्या पोरांका मी हातावर छडी मारून शिकवलंय ह्या."

मधूभाऊंनी कागद हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांपुढून वर्षानुवर्षांचे मेमो सरकत गेले. 'कार्यालयात उशीरा येण्याबाबत.' किती जणांना त्यांनी ते धाडले होते! आणि त्यातल्या प्रत्येक माणसाने मान खाली घालून, दीर्घ शी निमूटपणे सहन करून, आपली ऱ्हस्व चूक कबूल केली होती. त्या दिवशी मधूभाऊंनी गुरुजींना चहा विचारला नाही. गुरुजीही मग बरेच दिवस आले नाहीत.

ती जागा मथुरावहिनींनी भरून काढली. त्यांच्या मते भाषा कानाने शिकायची असते. "भाऊजी, तुमी तिका पुस्तकात कित्या कोंडतात? माझ्या वांगडा मालिका बघूक बसवा. मराठी अशी येतली, धो धो." संचिता आठवडाभर त्यांच्याकडे जाऊन बसली आणि मराठी खरंच धो धो आली. मधूभाऊंनी रजेचा अर्ज लिहायला सांगितला, तेव्हा तिने लिहिलं: "महोदय, आज तुम्ही मला रजा नाकारलीत, पण एक दिवस तुम्हाला याचा पश्चात्ताप होईल." मिहीरने त्या अर्जाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला. मधूभाऊंनी मथुरावहिनींचे आभार मानून तीही शाखा बंद केली.

राहिलं लिंग. इथे मात्र हसणं थांबलं आणि मधूभाऊ विचारात पडले.

संचिताने आपल्या धाकट्या बहिणीविषयी ओळी लिहिल्या होत्या: 'माझे बहीण हुशार आहे. ते कॉलेजात जाते.' मधूभाऊंनी लाल पेन्सिलीने 'माझे'चं 'माझी' केलं आणि 'ते' खोडून 'ती' केलं.

"मुलगी म्हटल्यावर ती. नपुंसकलिंग चालणार नाय."

"पूण आमगेर चेडवाक 'तें' म्हणटात," संचिता म्हणाली. "आणि आई माका 'ता' म्हणता. 'ता इला काय? ता जेवला काय?' तुमी पण म्हणतात."

म्हणत होते खरे. दोन्ही भाषांत घरातली तरुण मुलगी 'ता' नाहीतर 'तें' असते. न स्त्री, न पुरुष, नुसतं आपलं लेकरू. मधूभाऊंनी व्याकरणात याचं कारण शोधलं, ते सापडलं नाही. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "गो, आपण तिका 'ता' कित्या म्हणतांव?"

"घरातला चेडू तां. 'ती' म्हटला की परकी बाई कोणतरी इल्यासारखी वाटता," सरलाकाकू म्हणाल्या.

"आई, तुमकां पण लग्न झाल्यार सगळी 'ता' म्हणीत?"

संचिताने हे कोंकणी वळणाच्या मालवणीत विचारलं, थोडं खेळकरपणे; पण आतला भांड्यांचा आवाज थांबला. "माका?" सरलाकाकू म्हणाल्या. "माका खंय कोण 'ता' म्हणूक? मी इलंय ती 'ती' म्हणानच इलंय."

भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. मधूभाऊंनी संचिताला एवढंच सांगितलं, की परीक्षेत 'ती' लिही. घरात काय म्हणायचं ते घरात.

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा संचिताने मोबाईलवर आलेलं प्रवेशपत्र दाखवलं. त्यावर ठळक अक्षरात 'निम्नस्तर' लिहिलं होतं. खाली विषय दिले होते: सोपा उतारा, लिंग-वचन, एक अर्ज, दहा ओळी. समास नाही. अलंकार नाही. भुजंगप्रयाताचं नावही नाही.

परशुराम गुरुजी नेमके त्याच वेळी अबोला सोडून आले होते. ते ठसका लागेपर्यंत हसले. शेवटी मधूभाऊंनाच उठून त्यांच्यासाठी पाणी आणावं लागलं.

"बाबा, आता माका एकट्याक बसूंक दियात," संचिता म्हणाली. आवाज अगदी मऊ होता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. पुढचे दिवस ती स्वयंपाकघरात पाटावर बसून अभ्यास करायची आणि सरलाकाकू भाजी चिरता चिरता तिच्याशी मराठीत बोलायच्या. नारळ खवताना "आपण मला जरा मीठ देता का?" आणि मग दोघींचं खदखदून हसणं. मधूभाऊ बाहेर वर्तमानपत्र धरून बसत. सरलाला इतकं बोलायला असतं हे त्यांना माहीत नव्हतं. काय बोलतात ते मात्र ऐकू येत नसे, आणि उठून आत जावं तर कुठल्या कामासाठी गेलो ते सांगावं लागलं असतं.

परीक्षा रविवारी सकाळी, ओरोसच्या एका शाळेत होती. मधूभाऊ बरोबर गेले. कोणी बोलावलं नव्हतं, पण कोणी नकोही म्हणालं नाही. वर्ग उघडल्यावर त्यांनी संचिताचं बाक हलवून पाहिलं. ते डुगडुगत होतं. डुगडुगत्या बाकावर अक्षर बिघडतं, अक्षर बिघडलं की तपासणारा चिडतो, तपासणारा चिडला की म्हापसा. मधूभाऊंनी खिशातला कागद काढून घडी घातली, गुडघ्यावर बसले आणि बाकाच्या पायाखाली सरकवू लागले. तेवढ्यात घंटा झाली. दार लोटलं गेलं.

"आजोबा, जागेवर बसा, जागेवर बसा," पर्यवेक्षक घाईघाईने म्हणाले. ते उशिरा आले होते आणि हातात कागदांचा ढीग होता. "या वयात परीक्षा देताय, कौतुक आहे. पण आता बोलायचं नाही."

"अहो, मी..."

"बोलायचं नाही म्हटलं ना!"

इथे दुसरा कोणी असता तर हसून बाहेर पडला असता. पण मधूभाऊंना नियम माहीत होते आणि हेच त्यांचं दुर्दैव. परीक्षा सुरू झालेल्या वर्गात बाहेरचा माणूस सापडला, तर तो कोणाचा म्हणून चौकशी होते. कोणाचा, हे एकदा सांगितलं की त्या उमेदवाराचा पेपर धोक्यात. संचिताने बाकावरून खाली त्यांच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मधूभाऊंनी तिच्याकडे न पाहता मागच्या रिकाम्या बाकावर बसून घेतलं. समोर प्रश्नपत्रिका आली, उत्तरपत्रिका आली. नुसतं बसून राहिलं तर संशय येईल, म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

उतारा आठवडी बाजारावर होता. त्याची उत्तरं झरझर लिहून झाली. लिंग-वचन झालं. अर्ज तर त्यांच्या घरचाच. मग शेवटचा प्रश्न आला: 'तुमच्या घरातील एका व्यक्तीविषयी सोप्या भाषेत दहा ओळी लिहा.'

मधूभाऊंनी लिहिलं: 'सौ. सरला मधुसूदन तेंडोलकर या माझ्या पत्नी असून त्या गृहिणी आहेत.' हे ठीक झालं. 'त्यांचे माहेर शिरोडा, तालुका वेंगुर्ला येथील आहे.' हेही बरोबर होतं. 'त्यांची प्रकृती सर्वसाधारणपणे समाधानकारक असते.'

आणि पेन थांबलं.

त्यांना वाटलं, शब्द आठवत नाही. मग कळलं, शब्द नाही, मजकूरच आठवत नाही. तिला काय आवडतं? मासे आवडतात, पण ते सगळ्यांनाच. ती कशाला हसते? रोज हसते, गेला आठवडाभर तर फारच. कशाला, ते आत जाऊन विचारलं नव्हतं. तिला भीती कशाची वाटते? लग्नाआधी दिवसभर ती काय करायची? शेजारची फाईल वर्षानुवर्षं एकाच फडताळात असावी, तिच्या पाठीवरचं नाव रोज दिसावं आणि ती कधी उघडण्याचं कारणच पडू नये, असं काहीसं झालं होतं. मधूभाऊंच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. चौथीतल्या पोराला येतील अशा दहा ओळी होत्या, आणि वर्गातले सगळे खाली मान घालून त्या लिहीत होते.

पर्यवेक्षक सह्या करत करत त्यांच्यापाशी आले. "प्रवेशपत्र?"

मधूभाऊ उठून त्यांच्या कानाशी लागले. "मी परीक्षार्थी नाही."

"मग बसलात का?"

"तुम्ही बसा म्हणालात."

पर्यवेक्षकांचा चेहरा पाहून मधूभाऊंना त्यांची दया आली. उत्तरपत्रिका त्यांच्याच हाताने दिली गेली होती. ही चौकशी झाली तर पहिला खुलासा त्यांनाच द्यावा लागणार होता. दोन अनुभवी माणसांनी क्षणभर एकमेकांकडे पाहिलं. मग पर्यवेक्षक सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आजोबांना बरं वाटत नाहीये," आणि त्यांना दंडाला धरून दाराबाहेर पोचवलं. मधूभाऊ आवारातल्या काजूच्या झाडाखाली बसून राहिले. त्यांना खरोखरच बरं वाटत नव्हतं.

संचिता बाहेर आली तीच हसत. पेपर सोपा गेला होता. "बाबा, तुमी थंय कित्याक बसलात? माझो जीव गेलो!" ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मधूभाऊही हसले, पण अर्धेच.

बसमध्ये बसल्यावर त्यांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "दहा ओळी कोणार लिवलंस?"

"आईर."

"काय काय लिवलंस?"

तिने बोटं मोडत, जमेल तशा मराठीत पाठ म्हणून दाखवलं. "माझ्या सासूबाई शिरोड्याच्या आहेत. त्यांना पोहता येते. लहानपणी त्या समुद्रात खूप लांब जायच्या. त्यांचे वडील किनाऱ्यावरून ओरडायचे, पण त्या परत यायच्या नाहीत. लग्नानंतर त्या कधी पाण्यात गेल्या नाहीत. दरवर्षी माहेरी जातात, पण ओटीवर बसून येतात. त्यांना विजेची भीती वाटते. सासरे घरी नसले की..." ती थांबली. "म्हणजे तुमी, बाबा. रागावूं नाकात. तुमी घरी नसले की त्या खिडकीपाशी बसून एकट्याच जेवतात आणि हळू जेवतात. त्यांना हळू जेवायला आवडते. त्या माझे मैत्रीण आहेत."

"'माझ्या मैत्रीण'," मधूभाऊ सवयीने म्हणाले. मग म्हणाले, "रवांदे. बरा आसा तसाच."

कुडाळला बस थांबली तेव्हा ते तिच्याही आधी उतरले.

घरी सरलाकाकू मासे निवडत होत्या. मधूभाऊ स्वयंपाकघरात गेले. काय काम आहे म्हणून त्यांनी वर पाहिलं, तेव्हा मधूभाऊंनी संचिताचा पाट ओढून घेतला आणि त्यावर बसले. गुडघे कुरकुरले.

"तुका पोहूक येता?"

सरलाकाकूंचा हात थांबला. "कोणी सांगल्यान?"

"पेपरात इला."

"खंयच्या पेपरात?"

"संचिताच्या."

त्यांनी हातातला मासा ताटात ठेवला. मग हसल्या, तोंडाला पदर न लावता. "येत होता. आता येता की नाय कोण जाणे. तुमी कधी इचारलात नाय." यात तक्रार नव्हती, कोथिंबीर संपली म्हणावं तशा त्या म्हणाल्या. "आणि आता पाटार बसलातच तर नुसते बसू नकात. ह्या मासळीचा खवला काढूक मदत करा."

मधूभाऊंनी खवले काढले. निम्मे जमिनीवर उडाले, काही त्यांच्या चष्म्यावर. त्या दिवशी जेवण दुपार कलल्यावर झालं आणि सगळे हळू जेवले, कारण मधूभाऊंनी साफ केलेला मासा बहुतेक खवल्यांसकट होता.

निकाल यायला वेळ लागला, पण आला तो चांगला आला. संचिता पास झाली. मिहीरने म्हापशाचा विषय पुन्हा काढला नाही. परशुराम गुरुजींनी 'पाया' हा शब्द वापरून एक छोटं भाषण केलं, मथुरावहिनींनी यशाचं श्रेय मालिकांना दिलं आणि मधूभाऊ दोघांशीही वाद न घालता पेढे वाटत राहिले.

त्या रविवारी चौघं शिरोड्याला गेली. माहेरच्या ओटीवर सरबत झालं, विचारपूस झाली आणि मग सरलाकाकू उठल्या. त्यांनी संचिताचा जुना सलवार-कमीज घातला होता. भावाची बायको बघतच राहिली. सुरूच्या झाडांतून त्या पुढे चालल्या. मधूभाऊ त्यांच्या चपला हातात घेऊन मागून गेले.

थंडीचे दिवस होते, समुद्र शांत होता. त्या घोट्यापर्यंत गेल्या, गुडघ्यापर्यंत गेल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या. मधूभाऊंना वाटलं, आता परततील. तोच पुढची लाट आली आणि त्या तिच्याखालून गेल्या. बाहेर आल्या तेव्हा लाटेच्या पलीकडे होत्या. हात एका सावकाश, जुन्या लयीत वर येत होते आणि पाण्यात जात होते. डोकं लहान होत गेलं.

मधूभाऊ ओल्या वाळूपर्यंत पुढे गेले. हाक मारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं. मग तिच्या लहानपणी किनाऱ्यावरून ओरडणारा तो दुसरा माणूस त्यांना आठवला, आणि त्यांनी ते मिटलं.

जीवरक्षक पोरगा शिट्टी फुंकत धावत आला. पर्यटक जमा झाले. "काका, त्या आजी तुमच्यासोबत आहेत? त्यांना मागे बोलवा, फार आत गेल्या! बाहेरच्या लोकांना इथल्या पाण्याचा अंदाज नसतो!"

मधूभाऊ जन्मात पहिल्यांदा एका गणवेशातल्या माणसाचं म्हणणं ऐकून घेत नव्हते. त्यांनी चपला छातीशी धरल्या होत्या. दूरवर ते डोकं वळलं, उताणं झालं आणि पाण्यावर तरंगत राहिलं.

"बाहेरची न्हय रे," ते म्हणाले. "ता हंयचाच आसा."